व्हिसाचा ‘ग्रेस’ निघायला असतो, परत यायला नाही. आखातात कामाला जाणाऱ्यांनी गावी येण्याआधी हे तपासा

जव्हार : दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे नाहीतर नाशिकच्या द्राक्षबागांवर कामाला निघतात. शिमग्याला गावी यायचं, बोहाडा बघायचा आणि परत कामावर जायचं. मुकादमाला सांगितलं की झालं. कुठं शिक्का नाही, कुठं मुदत नाही. आता मोबाइलवर ‘दुबईत हेल्पर पाहिजे, खाणं-राहणं फ्री’ अशा जाहिराती येतात. तिकडे जायला हरकत काहीच नाही. पण ‘गावी जाऊन येतो’ हे इकडे जितकं सोपं आहे, तितकं तिकडे नाही. नोकरी सुटल्यावर तर नाहीच.

समजा, मोखाड्यातला एक जण दुबईत सफाईच्या कंपनीत आहे. फेब्रुवारीत कंपनीने काम थांबवलं, व्हिसा रद्द केला आणि देश सोडायला ६० दिवसांची मुदत मिळाली. तो हिशेब करतो : एप्रिलपर्यंत वेळ आहे, मधे शिमगा आहे, दहा दिवस गावी जाऊ आणि उरलेल्या दिवसांत परत येऊन दुसरं काम शोधू. दिवसांचा हिशेब बरोबर आहे, पण परतीच्या दिवशी मुंबई विमानतळावर काउंटरवरच त्याला थांबवतील. कारण ज्याला पलीकडे आत घेणार नाहीत, अशा प्रवाशाला परत आणायचा भुर्दंड विमान कंपनीवर पडतो.

चूक कुठे झाली? व्हिसा रद्द झाला त्याच दिवशी आत येण्याचा हक्क संपला. उरली ती फक्त दंड न लागता थांबण्याची सवलत, आणि ती देशाच्या आत असलेल्या माणसालाच मिळते. बाहेर पाऊल टाकलं की ती तिथंच संपते, मग ५० दिवस उरलेले असोत की पाच. गावी न येता नुसतं शेजारच्या ओमानला दोन दिवस जाऊन आलं तरी तेच. परत शिरायला नवा व्हिसा लागतो. तो व्हिजिटचा मिळाला तर त्यावर काम करता येत नाही.

संयुक्त अरब अमिरातीने ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हिसाचे नियम बदलले. तेव्हापासून रेसिडेन्स व्हिसा संपल्यावरची मुदत प्रकारानुसार वेगवेगळी आहे, काहींना तर सहा महिन्यांपर्यंत. त्यामुळे मित्राला किती दिवस मिळाले ते विचारून उपयोग नाही, स्वतःच्या कागदावरची तारीख बघावी. मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड. व्हिजिट व्हिसावर पूर्वी १० दिवसांची सूट मिळायची, ती दुबईत २०२३ मध्ये बंद झाली.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात तिथल्या सरकारने मुदत संपून राहिलेल्यांना माफी दिली होती. निघून जाणाऱ्यांचा दंड माफ झाला आणि परत येण्यावर बंदीही घातली नाही. पण ‘बंदी नाही’ म्हणजे ‘परवानगी आहे’ असं नव्हे. परत यायला त्यांनाही नवा व्हिसा काढावाच लागणार.

सौदीत कागदाचं नावच वेगळं आहे. ‘एक्झिट-रीएंट्री’ घेऊन निघालेला माणूस मुदतीत परत जाऊ शकतो. ‘फायनल एक्झिट’ लागला की निघायला ६० दिवस, आणि एकदा बाहेर पडलं की नव्या व्हिसाशिवाय परत प्रवेश नाही. दोन्हींत ‘एक्झिट’ हा शब्द आहे म्हणून घोटाळा होतो.

हे फक्त मजुरांचंच आहे असं नाही. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना शिक्षण संपल्यावर ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत कॅनडा फिरून यावं म्हटलं, तर त्याच व्हिसावर परत आत घेत नाहीत. व्हिसावरची तारीख पुढची असली तरी नाही. इंग्रजी येणारी, कॉम्प्युटर शिकलेली पोरंही इथं फसतात.

सीमेवर कोणाला आत घ्यायचं हे तो तो देश ठरवतो, ही गोष्ट या भागाला नवी नाही. जव्हारच्या उत्तरेचं नगर हवेली १९५४ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. दमणहून तिथं जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६० च्या निकालात साध्या माणसांच्या आणि मालाच्या ये-जा करण्याचा हक्क मान्य झाला, पण भारताच्या नियंत्रणाखाली. सैन्याच्या वाटेचा हक्क तर मान्यच झाला नाही.

आता मुख्य मुद्दा, पैशाचा. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत कंपनीने सगळी देणी द्यायची असतात. वर्ष पूर्ण केलेल्याला ग्रॅच्युइटीही मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. व्हिसा रद्द करताना ‘सगळे पैसे मिळाले’ अशा कागदावर सही घेतात. घाईत सही करून शिमग्याला निघालेला माणूस परत जाऊन भांडणार कसा? पगार खात्यात दिसल्यावरच सही करावी. तिकडेच राहायचं असेल, तर नवा मालक शोधून त्याच्या नावाचा व्हिसा देशात असतानाच करून घ्यावा आणि नवा रेसिडेन्स व्हिसा लागल्यावर मग गावी यावं.

दहावी न झालेल्यांची अडचण आणखी मोठी. त्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान अशा १८ देशांत कामाला जायला त्यांना सरकारची ‘एमिग्रेशन क्लिअरन्स’ लागते, ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवरून. नव्या मालकाकडे नव्या व्हिसावर जायचं तर ती परत काढावी लागते. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही लागतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू झाल्यास १० लाख. नोंदणी असलेल्या एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. त्याहून जास्त मागणारा किंवा ‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करू’ म्हणणारा एजंट भेटला, तर त्याची नोंदणी ‘ई-मायग्रेट’वर आहे का ते आधी बघावं. तिथं नाव नसेल तर त्याच्या हातात पासपोर्ट देऊ नये.