पगारवाढ कुणाची?

शासनाने महागाई भत्ता वाढवला की अलिबाग-मुरूडकडच्या आमच्या विहारांतून पेढे वाटले जातात. वाटावेतच, बाबासाहेबांच्या पुण्याईने मिळालेली नोकरी आहे ती. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून राज्यातील शिपायाचे किमान मूळ वेतन १५,००० रुपये झाले, जानेवारी २०२४ पासून त्यावर ५० टक्के महागाई भत्ता आला. पण त्याच कचेरीत झाडू मारणाऱ्या कंत्राटी भगिनीला कुठला आयोग? सुकट-तांदूळ मात्र तिलाही त्याच भावाने! राखीव जागेवरचा आमचा बांधव निवृत्त होतो, मागून कंत्राटदाराचा माणूस येतो, आणि आमचे पुढारी हारतुऱ्यांत दंग. धम्मबांधवांनो, युनियनच्या मागणीपत्रात पहिले कलम तिच्या पगाराचे घाला. आपल्या भत्त्याचे दुसरे.