कसाबच्या वकिलाचं नाव सांगा

मागच्या डिसेंबरात जळगावला गेलो होतो. थंडीत जळगावला जायचं आणि भरीत पार्टी करायची नाही म्हणजे पापच. मित्राच्या शेतात काट्यांवर वांगी भाजली, कळण्याची भाकरी आणि सोबत मिरचीचा ठेचा. पोटं भरल्यावर गप्पा नेहमीप्रमाणे राजकारणावर, तिथून कुठल्यातरी गाजणाऱ्या केसवर. एक मित्र तावातावाने म्हणाला, "काय भो, असल्या लोकांना वकीलच देऊ नये. सरळ लटकवा!"

आमच्यात माझे एक मामा बसले होते. आईचे मावसभाऊ, धुळ्याच्या कोर्टात तीस वर्षं फौजदारी वकिली. ते एवढंच म्हणाले, "कसाबविरुद्ध सरकारी वकील कोण होते?"

उत्तर एका सुरात आलं. उज्ज्वल निकम! आपल्या जळगावचे ना ते.

"बरं. आणि कसाबचा वकील कोण?"

एकदम शांतता. दहा-बारा शिकलेली माणसं, एकालाही सांगता येईना. मला एक नाव आठवत होतं, पण मी गप्प बसलो. का, ते सांगतो.

मार्च २००९ मध्ये न्यायालयाने अंजली वाघमारे यांना कसाबच्या वकील म्हणून नेमलं. त्याच रात्री वरळीत त्यांच्या घरापुढे जमाव आला. मी तेव्हा पुण्यात नवा नवा नोकरीला होतो. 'कसाबला वकील कशाला?' असा एक मेल फिरत होता आणि मी तो मोठ्या देशभक्तीने चाळीस जणांना फॉरवर्ड केला होता. कसाब तुरुंगात बिर्याणी मागतोय, हेही मी पुढे बिनदिक्कत सांगत फिरलो. २०१५ मध्ये खुद्द निकमांनीच सांगितलं की बिर्याणीची गोष्ट त्यांनी रचलेली होती, कसाबबद्दल तयार होत असलेली भावनिक हवा मोडायला. हे वाचून मी निकमांवर चिडलो नाही, स्वतःवर चिडलो. त्यांनी गोष्ट सांगितली, पण ती खपवणारे आपणच की!

वाघमारे पुढे हितसंबंधांच्या अडचणीमुळे बाजूला झाल्या. मग अब्बास काझमी आले, नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयाने त्यांनाही हटवलं आणि के. पी. पवारांनी काम पुढे नेलं. एका खटल्यात तीन वकील.

पण मला खरं सांगायचंय ते शाहिद आझमींबद्दल. त्याच खटल्यात फहीम अन्सारी हा भारतीय आरोपी होता. हल्लेखोरांसाठी नकाशे काढून दिल्याचा आरोप. तो नकाशा म्हणे मारल्या गेलेल्या अबू इस्माईलच्या खिशात सापडला. बचाव पक्षाने साधा प्रश्न विचारला : माणूस रक्तात न्हाला, मग खिशातल्या कागदावर डाग कसा नाही, सुरकुती कशी नाही? ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या ऑफिसात आझमींना गोळ्या घालून मारलं. वय ३२. तीन महिन्यांनी अन्सारी या खटल्यातून निर्दोष सुटला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. कसाबची फाशीही त्याच निकालात कायम झाली.

आमच्या धंद्यात टेस्टरचा सगळ्यांनाच राग येतो. रिलीज शुक्रवारी, आणि हा बाबा गुरुवारी संध्याकाळी बग काढतो! पण त्याने सगळं तपासून 'ओके' म्हटलेला कोडच रात्री निवांत झोपू देतो. कसाबची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली, त्याचं एक कारण त्याच्या बाजूने शेवटपर्यंत प्रश्न विचारले गेले हे आहे.

मामांना विचारलं, "तुम्हाला कधी त्रास झाला?" ते हसले. "मुंबईत घरावर जमाव येतो. इथे लग्नाच्या पत्रिका यायच्या बंद होतात."

जळगावच्या घरकुल प्रकरणाचंच घ्या. फिर्याद २००६ ची, निकाल ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयात. ४८ दोषी. सुरेश जैनांना सात वर्षं आणि शंभर कोटी दंड, गुलाबराव देवकरांना पाच वर्षं. एक शिवसेनेचे, दुसरे राष्ट्रवादीचे. अशा खटल्यात वकिलाने कुणाचंही वकीलपत्र घेतलं की गावाच्या दृष्टीने तो 'त्यांचा माणूस'. सरकारी वकील संध्याकाळी कॅमेऱ्यापुढे बोलतो. बचावाच्या वकिलाने तोंड उघडलं तर अशील अडचणीत, नाही उघडलं तर 'बघा, बोलायला काही नाही'. आणि फी किती घेतली, याचा आकडा चहाच्या टपरीवर रोज वाढतो!

वकील संघांनीच 'अमक्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही' असे ठराव केल्याचीही उदाहरणं आहेत. असे ठराव घटनेविरुद्ध आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं.

निघताना मामा म्हणाले, "राईनपाडा आठवतं ना?"

न आठवायला काय झालं! १ जुलै २०१८, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. ती अफवाही मोबाईलवर फॉरवर्ड होत आली होती. 'आम्ही भिक्षेकरी आहोत' हे त्यांच्या वतीने सांगायला तिथे कुणी नव्हतं. त्यांना मारणाऱ्यांना मात्र वकील मिळाले, साडेपाच वर्षं खटला चालला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

मारणाऱ्यांना तरी वकील कशाला, असं त्या पाच जणांच्या घरच्यांना वाटलं असेल तर मी त्यांना काय समजावणार? त्यांच्यापुढे माझी बोलायची लायकी नाही. पण मला मात्र कळतं की जमाव आणि कोर्ट यांच्यात फरक तेवढाच आहे. एका ठिकाणी दुसरी बाजू ऐकून घेतात, दुसरीकडे नाही.

असो. २००९ मधला तो चाळीस जणांना पाठवलेला मेल परत बोलावता येत नाही. पुढच्या भरीत पार्टीला मात्र मी गप्प बसणार नाही.