घुमारा कापू नका
आमच्या नंदुरबारकडच्या स्टुडिओंना एक खोड लागली आहे: गाणं नीट ऐकण्याआधीच प्रत्येक ट्रॅकवर चॅनल स्ट्रिप टाकायची आणि तयार प्रीसेट लावून मोकळं व्हायचं. गेट, कॉम्प्रेसर, ईक्यू एकाच खिडकीत, काम झटपट. मीही वर्षानुवर्षं हेच केलं, म्हणून बोलतो.

या प्लगिनांपैकी बरीच सॉलिड स्टेट लॉजिकच्या कन्सोलची नक्कल आहेत. ऐंशीच्या दशकात रॉक-पॉपच्या रेकॉर्डिंगमध्ये हे कन्सोल गाजले. तिथे ड्रमसेटच्या एकेका ड्रमला वेगळा माइक. दोन ठोक्यांमध्ये शेजारचा आवाज नको, म्हणून गेट.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत दोन ठोक्यांमधली जागा रिकामी नसतेच. मोठ्या ढोलाचा घुमारा पुढच्या ठोक्यापर्यंत पोचतो, त्यात घुंगरू मिसळतात. नाचणाऱ्याचे पाय त्या घुमाऱ्यावर पडतात. गेटने तो कापला की उरते कोरडी थाप. पावरीतली फुंक ‘नॉइज’ म्हणून काढली, की ती कीबोर्डवर वाजवल्यासारखी लागते.

गिऱ्हाईकाला घाई असते, पैसे थोडे असतात, मान्य. स्ट्रिपशी माझं वैरही नाही. गायकाच्या माइकवरची पंख्याची घरघर मी आजही तिच्याच लो-कटने कमी करतो. पण ती कानाने ऐकून. ढोलावर मात्र गेट बंद ठेवूनच सुरुवात करा.

एका ढोलवाल्या काकांना मी मिक्स ऐकवला होता. त्यांनी विचारलं, “हा ढोल कुणाचा?”

त्यांचाच होता.