बारावा गडी आणि चोवीस चेंडू

साहित्यविचाराला वाहिलेल्या या जागेत क्रिकेटच्या नियमांची चर्चा कशाला, असे विचारणारे वाचक असणारच. त्यांना आमचे उत्तर असे की, लहान आकाराच्या रचनेचे कायदेकानून कसे ठरावेत हा प्रश्न आम्ही वर्गात कथेच्या आणि गझलेच्या निमित्ताने वर्षानुवर्षे चघळत आलो आहोत. आणि तोच प्रश्न वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये डोळ्यांदेखत चुकीच्या रीतीने सोडवला जात असताना केवळ विषय 'आपला' नाही म्हणून गप्प बसणे आम्हांला जमत नाही. शिवाय आमच्यापैकी निम्म्यांनी तरी मे महिन्यातल्या उत्तरपत्रिका आयपीएलचा सामना समोर लावूनच तपासलेल्या आहेत. तेव्हा सोवळेपणाचा आव नको.

पहिला हिशेब सोवळ्यांशीच करायचा आहे. 'हे क्रिकेटच नव्हे' हे वाक्य आम्ही सहकाऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते बोलायला लागण्याआधीच त्यांच्या भुवया ओळखू येतात. कादंबरीचा दम नाही म्हणून तू कथा लिहितोस, असे कथाकाराला ऐकवणाऱ्यांची ही मावसभावंडे. २००३ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या कौंटी संघांनी हा प्रकार सुरू केला. १७ फेब्रुवारी २००५ रोजी ऑकलंडला न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया पुरुषांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळले, तेव्हा खेळाडूंनी जुन्या जमान्याचे पोशाख चढवले होते. जत्रेतली गंमत म्हणूनच सारे चालले होते. पण २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना ज्याने पाहिला, त्याला ही गंमत वाटली असेल असे आम्हांला वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या, सहा गडी शिल्लक होते. बुमराने सोळाव्या षटकात चार धावा दिल्या, अठराव्या षटकात दोन धावा देऊन यान्सेनचा त्रिफळा उडवला, आणि हरलेला सामना भारताने सात धावांनी जिंकला. त्या बारा चेंडूंत जेवढे नाट्य होते तेवढे पाच दिवसांच्या कैक सामन्यांत नसते.

म्हणजे रचना लहान आहे म्हणून क्षुद्र नाही. मग आमचे भांडण कोणाशी? ते दुसऱ्या पक्षाशी. 'हे मनोरंजन आहे, तेव्हा काहीही चालेल' असे मानणाऱ्या या पक्षाच्या हाती नियम करण्याची सत्ता आहे, म्हणून तो अधिक धोक्याचा. या पक्षाची वंशावळ जुनी आहे. मार्टिन क्रो यांनी १९९६ मध्ये न्यूझीलंडमध्ये 'क्रिकेट मॅक्स' काढले, तेव्हा मैदानाच्या एका ठरावीक पट्ट्यात मारलेल्या फटक्याला दुप्पट धावा ठेवल्या. ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅशने २०२०-२१ च्या हंगामात तीन नवे नियम एकदम आणले. पहिल्या दहा षटकांच्या धावांची तुलना करून जादा गुण देणारा 'बॅश बूस्ट' आणि डावाच्या मध्यावर खेळाडू बदलू देणारा 'एक्स-फॅक्टर' हे दोन दोन हंगामांतच गुंडाळावे लागले. तिसरा, 'पॉवर सर्ज', टिकला. कारण क्षेत्ररक्षणावरच्या बंधनाची दोन षटके केव्हा घ्यायची हा निर्णय त्याने फलंदाजी करणाऱ्या संघावर सोपवला, आणि चुकीच्या वेळी निर्णय घेतला तर तो अंगाशी येतो. आता हल्ली कोणी सुचवतो की फार लांब गेलेल्या षटकाराला बारा धावा द्याव्यात. उद्या लांबलचक ओळीला दुप्पट मात्रा धरा म्हणतील.

टिकणारा आणि न टिकणारा नियम यांतला फरक आम्ही असा करतो: चेंडू हातातून सुटण्याच्या क्षणी गोलंदाज आणि फलंदाज या दोघांपाशीही गमावण्यासारखे काहीतरी असले पाहिजे. १४ सप्टेंबर २००७ रोजी डर्बनला भारत-पाकिस्तान सामना बरोबरीत सुटला आणि 'बोल-आउट'वर भारताने तो ३-० असा जिंकला. आम्हीही त्या रात्री नाचलो, खोटे कशाला बोला? पण फलंदाजच नसलेल्या यष्ट्यांवर चेंडू फेकण्याच्या त्या प्रकारात क्रिकेट कुठे होते? त्याची जागा पुढे 'सुपर ओव्हर'ने घेतली. तीत निदान समोर बॅट घेतलेला माणूस उभा असतो आणि तो बादही होऊ शकतो.

या कसोटीवर वीस षटकांच्या खेळाचे मूळ दुखणे लगेच सापडते, आणि त्याला साधे अंकगणित पुरते. एकदिवसीय सामन्यात तीनशे चेंडूंसाठी दहा गडी असतात, म्हणजे तीस चेंडूंमागे एक. येथे एकशेवीस चेंडूंनाही दहाच गडी, म्हणजे बारा चेंडूंमागे एक. गडी गमावण्याची किंमत जन्मतःच उतरलेली आहे. हा या आकाराचा स्वभाव झाला, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. हायकूत उपकथानक नाही म्हणून कोणी शिरीष पैंना दोष देत नव्हते. पण स्वभाव ओळखल्यावर नियमांनी बळीची किंमत सावरायला हवी होती. घडले उलटेच.

भारतीय क्रिकेट मंडळाने २०२२ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडकात 'इम्पॅक्ट प्लेअर'चा प्रयोग केला आणि २०२३ पासून तो आयपीएलमध्ये आणला. नाणेफेकीनंतर अकरांची आणि राखीव खेळाडूंची नावे द्यायची, आणि सामना चालू असताना एकाच्या जागी दुसरा आणायचा. ऐकायला निरुपद्रवी. प्रत्यक्षात प्रथम फलंदाजी करणारा संघ एक फलंदाज जास्त घेऊन उतरतो, त्याची खेळी संपली की त्याला बसवून पूर्ण वेळचा गोलंदाज आणतो. पाच-सहा गोलंदाज आणि सातव्या-आठव्या क्रमांकापर्यंत अस्सल फलंदाज, दोन्ही एकाच संघात. आधीच स्वस्त असलेला गडी यामुळे जवळजवळ फुकट झाला. आयपीएलच्या पहिल्या पंधरा हंगामांत अडीचशेचा टप्पा एकदाच ओलांडला गेला होता, २०१३ मध्ये, गेलच्या नाबाद १७५ धावांच्या जोरावर. २०२४ च्या एका हंगामात तो आठ वेळा ओलांडला गेला. हैदराबादने बंगळुरूविरुद्ध ३ बाद २८७ केल्या. ईडन गार्डन्सवर कोलकात्याच्या २६१ धावा पंजाबने आठ चेंडू राखून पार केल्या. याचे सारे खापर एका नियमावर फोडणे अन्यायाचे होईल. खेळपट्ट्या सपाट होत्या आणि फलंदाजांची धिटाई खरोखरच वाढली आहे. पण मागे आणखी एक फलंदाज बसलेला असताना दाखवलेल्या धिटाईला धिटाई म्हणावे काय?

हा प्रयोग नवाही नाही. २००५ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने एकदिवसीय सामन्यांत 'सुपरसब' आणला होता आणि वर्ष पुरे होण्याआधी सोडून दिला. तेव्हा तक्रार अशी की बदली खेळाडूचे नाव नाणेफेकीआधी द्यावे लागे, म्हणून नाणेफेक जिंकणाऱ्याचाच फायदा होई. नव्या नियमाने ती तक्रार दूर केली. मूळ आक्षेप जिथल्या तिथे राहिला: अकरांचा संघ निवडताना कर्णधाराला काहीतरी सोडावे लागत असे, त्या सोडण्यातच त्याची बुद्धी दिसत असे. गझलेच्या शेरात दोनच ओळी असतात. तिसरी ओळ राखीव ठेवण्याची सवलत दिली तर कोणता कवी दुसऱ्या ओळीसाठी रात्र जागवील?

नियमाचे पाठीराखे म्हणतात, प्रत्येक संघात आणखी एका भारतीय खेळाडूला संधी मिळते. मिळते, हे खरे. कोणत्या खेळाडूला, हे विचारा. ज्याला फक्त फलंदाजी येते किंवा फक्त गोलंदाजी, त्याला. रवी शास्त्री १९८१ मध्ये वेलिंग्टनला पहिली कसोटी खेळले ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून, दहाव्या क्रमांकावर. १९९२ मध्ये सिडनीला सलामीला येऊन त्यांनी २०६ धावा केल्या. दहाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंतची ही वाट एका माणसाने चालायची तर कोणीतरी त्याच्या हातात अकरा वर्षे चेंडू आणि बॅट दोन्ही ठेवावे लागतात. आमच्या वर्गातला एक मुलगा डावखुरी फिरकी टाकतो आणि सातव्या क्रमांकावर येतो. गेल्या वर्षी एका स्थानिक लीगच्या निवड चाचणीला गेला, तर तिथे त्याला विचारले, 'तू नक्की काय आहेस?' अर्जावर चौकट एकच होती. त्याने 'फलंदाज' लिहिले.

रोहित शर्माने २०२४ मध्ये उघड सांगितले की हा नियम त्याला फारसा पसंत नाही, अष्टपैलू खेळाडू यामुळे मागे पडतील. शिवम दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांना गोलंदाजीच मिळत नाही, असेही तो म्हणाला. हा रोहित शाळेत ऑफस्पिनर म्हणून आला होता आणि २००९ च्या आयपीएलमध्ये त्याने हॅट्ट्रिकही घेतली होती, तेव्हा त्याच्या बोलण्याला अधिकार होता. २०२५ मध्ये मुंबईने त्यालाच अनेक सामन्यांत केवळ फलंदाजीपुरते 'इम्पॅक्ट प्लेअर' म्हणून वापरले. यावर आम्ही काही भाष्य करीत नाही.

याहून विसंगत गोष्ट अशी की मंडळाने २०२४-२५ पासून सय्यद मुश्ताक अली करंडकातून हा नियम काढून टाकला, आयपीएलमध्ये मात्र २०२७ पर्यंत ठेवला. म्हणजे जिथे खेळाडू घडवायचे तिथे तो अपायकारक, जिथे ते दाखवायचे तिथे उपकारक! आणि सवय लागली की ती कुठवर पोचते ते पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर ३१ जानेवारी २०२५ रोजी दिसले. इंग्लंडविरुद्ध ५३ धावा केलेल्या दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू बसला. डोक्याला मार बसल्यास तशाच प्रकारचा बदली खेळाडू घेता येतो, या नियमाखाली त्याच्या जागी हर्षित राणा आला. दुबे फलंदाजी करणारा आणि अधूनमधून मध्यमगती चेंडू टाकणारा, राणा पूर्ण वेळचा वेगवान गोलंदाज. राणाने तीन बळी घेतले, भारत पंधरा धावांनी जिंकला. सामनाधिकाऱ्यांनी परवानगी दिली होती, त्यामुळे नियमभंग झाला असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु जखमी माणसासाठी केलेली तरतूद डावपेचासारखी वापरली गेली असे बटलरला वाटले, तर त्याला रडका म्हणायला आमची जीभ रेटत नाही. आम्ही त्या दिवशी भारताच्याच बाजूने होतो.

तेव्हा बारावा गडी जावा, ही पहिली मागणी. दुसरी चोवीस चेंडूंविषयी. फलंदाज मनात आणील तर वीस षटके खेळू शकतो. गोलंदाजाने कितीही जादू केली तरी चोवीस चेंडूंनंतर त्याला सीमारेषेवर उभे राहावे लागते. ही एक पंचमांशाची वाटणी काही वेदवाक्य नाही. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये जिलेट चषक सुरू झाला तेव्हा पासष्ट षटकांच्या डावात एका गोलंदाजाला पंधरा षटके होती. आज बुमराची चार षटके जपून खेळून काढायची आणि बाकीच्यांना झोडायचे हा सर्व संघांचा शहाणा बेत असतो. मोठा गोलंदाज म्हणजे चार षटकांची टळणारी सर!

आमची सूचना अशी: चार षटके प्रत्येकाच्या हक्काची राहू द्यावीत, मात्र दोन बळी घेणाऱ्या गोलंदाजाला पाचवे आणि तीन घेणाऱ्याला सहावे षटक टाकता यावे. गडी गमावला तर नुसता गडी जाणार नाही, तो घेणारा माणूस आणखी एका षटकासाठी परत येईल. धावा वजा करणे किंवा गुण वाटणे असले काही लागत नाही. बळीची किंमत खेळाच्याच नाण्यात चुकती होते. अखेरच्या षटकांतल्या स्वस्त बळींचे काय, ही शंका येईल. तेव्हा टाकायला षटकेच उरलेली नसतात. लाभ होतो तो आरंभी बळी घेणाऱ्याला. यातून पाचव्या गोलंदाजाची, म्हणजे पुन्हा अष्टपैलूचीच, गच्छंती होईल असेही कोणी म्हणेल. होणार नाही, कारण जादा षटक कमवावे लागते. त्याच्या भरवशावर कोणताही कर्णधार चार गोलंदाज घेऊन उतरणार नाही.

एक आक्षेप मात्र आम्हांला खरोखर छळतो. बार्बाडोसला बुमराचे दोन बळी झाले होते. आमचा नियम असता तर विसावे षटक त्यानेच टाकले असते, हार्दिक पांड्याला चेंडू द्यावा लागला नसता, आणि सीमारेषेवर आत-बाहेर नाचत सूर्यकुमारने मिलरचा घेतलेला तो झेल कदाचित घडलाच नसता. टंचाईतून नाट्य निघते हे आम्हीच वर सांगून बसलो आहोत. उत्तर एवढेच सुचते की बुमरा परत येऊ शकतो हे ठाऊक असते तर आफ्रिकेला अठराव्या षटकातच त्याच्याशी निराळ्या रीतीने झुंजावे लागले असते. हे उत्तर पुरेसे आहे की नाही ते वाचकांनी ठरवावे.

बाकीचे थोडक्यात. सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून किमान पासष्ट यार्ड असावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जिथे मैदान पुरते तिथे ती मर्यादा पंचाहत्तर करावी, म्हणजे चुकून उडालेला फटका झेल ठरेल. आयपीएलने २०२४ पासून षटकात दोन उसळत्या चेंडूंना दिलेली मुभा आणि रात्रीच्या सामन्यांत दव पडते म्हणून २०२५ मध्ये दुसऱ्या डावाच्या अकराव्या षटकापासून दिलेला बदली चेंडू, हे दोन्ही निर्णय चांगले होते. रोग कुठे आहे हे मंडळालाही कळते, असा त्यांचा अर्थ आम्ही लावतो.

सय्यद मुश्ताक अली करंडक अजून आहे, आणि बाराव्या गड्याचा प्रयोगही तिथेच झाला होता. एका हंगामात पाचव्या-सहाव्या षटकाचा हा नियम तिथे लावून पाहावा. फसला तर 'सुपरसब'सारखा वर्षाच्या आत मोडीत काढता येईल.