नाक्याचा धनी आणि बाजाराचा न्याय

जकातीचें नाकें शहराच्या वेशीवर असे, तोंवर तें सर्वांच्या डोळ्यांस दिसत असे. गाड्या थांबत, पावत्या फाटत, आणि मालाची किंमत कां वाढली हें गिऱ्हाइकास समजत असे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा करास वाट देऊन संपली. परंतु तिच्या कितीतरी आधींपासून एक दुसरेंच नाकें आमच्या घरांत, किंबहुना आमच्या खिशांत, येऊन बसलें आहे. आणि तेथील पट्टी इतकी गुपचूप वसूल होते कीं, ती देणाऱ्यासही तिचा पत्ता नसतो. हें नाकें म्हणजे मोबाईलमधील ॲपचीं दुकानें : ॲपलचें ‘ॲप स्टोअर’ व गूगलचें ‘प्ले स्टोअर’. हा विषय व्यापाऱ्यांचा व वकिलांचा, गृहस्थास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु मुलीचें लग्न, मुलाची नोकरी आणि राहती जागा, या तीन गोष्टी तरी गृहस्थाच्या खऱ्या ना? मग पुढील हकीकत वाचकांनीं अवश्य ऐकावी.

१ मार्च २०२४ रोजीं गूगलनें दहा भारतीय कंपन्यांचीं ॲपें आपल्या दुकानांतून काढून टाकण्यास सुरुवात केली. त्यांत लग्न जुळविणारीं ‘भारत मॅट्रिमनी’ व ‘शादी’, नोकऱ्यांची माहिती देणारें ‘नौकरी’, आणि घरें व जागा दाखविणारें ‘९९ एकर्स’ हीं होतीं. तंटा अडतीचा होता. हे व्यापारी आमच्या दुकानाचा लाभ घेतात परंतु ठरलेली अडत देत नाहींत, असें गूगलचें म्हणणें. ही अडत मुळींच न्याय्य नाहीं, असें व्यापाऱ्यांचें म्हणणें. सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारींत त्यांस अंतरिम संरक्षण नाकारलें होतें. पुढें केंद्रीय मंत्री श्री. अश्विनी वैष्णव यांनीं मध्यस्थी केली आणि थोड्याच दिवसांत तीं ॲपें परत आलीं. अडतीचा मूळ प्रश्न मात्र जागच्या जागींच राहिला.

या तंट्यांत कोणाची बाजू खरी, हें क्षणभर बाजूस ठेवूं. एका कंपनीच्या एका निर्णयानें नव्या गिऱ्हाइकास दार बंद झालें, आणि तें उघडण्यास केंद्र सरकारास उठावें लागलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. भारतांतील शंभर मोबाईलपैकीं नव्वदांहून अधिक गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. अशा देशांत त्या दुकानांतून निघणें म्हणजे बाजारांतूनच उठणें होय.

या अडतीचा इतिहास फार जुना नाहीं. ॲपलनें जुलै २००८ मध्यें सुमारें ५०० ॲपें घेऊन आपलें दुकान मांडलें, आणि विक्रीच्या शंभर रुपयांपैकीं ३० आपले व ७० ॲप करणाराचे, असा वाटा ठरविला. गूगलनेंही तोच दर धरला. आरंभीं तो कोणास जाचला नाहीं. एकट्या कारागिराचा माल साऱ्या जगांत पोंचत होता, आणि त्यापूर्वींचे मध्यस्थ कित्येकदां याहून मोठा वाटा घेत. पुढें ॲपच्या आंत होणाऱ्या विक्रीवरही, म्हणजे वर्गणी, खेळ, गाणीं, पुस्तकें यांवर, हीच पट्टी बसली. भाजी, औषध किंवा टॅक्सी मागविली तर मात्र ती लागत नाहीं.

आतां दुकानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. एका पक्षाचें ऐकून निवाडा करणें शहाणपणाचें नव्हे. त्यांचें म्हणणें असें कीं, हा बाजार आम्ही बांधला, त्याची राखण आम्ही करितों, खोटा माल आम्ही गाळून काढितों. आणि बहुसंख्य ॲपें फुकट असल्यामुळें आम्हांस एक पैही देत नाहींत. यांत तथ्य आहे. लग्नपत्रिका म्हणून मोबाईलवर आलेली परकी फाईल उघडतांच बँकेंतील पैसे गेल्याचे प्रकार गेल्या कांहीं वर्षांत आपल्या देशांत घडले आहेत, आणि पोलिसांनीं त्याविषयीं इशारेही दिले आहेत. फाटकावर पहारेकरी नको, असें कोणताही विचारी माणूस म्हणणार नाहीं. बाजार बांधणारास भाडें मिळावें, हेंही आम्हांस मान्य आहे.

तथापि पहारा ही एक गोष्ट आणि मक्तेदारी ही दुसरी. दोष आहे तो तीन अधिकार एकाच हातीं आल्याचा. पहिला अधिकार दुसरा रस्ता बंद ठेवण्याचा. आयफोनवर आपल्याशिवाय दुसरें दुकान ॲपलनें कित्येक वर्षें येऊं दिलें नाहीं. युरोपांत २०२४ साली नव्या कायद्यानें भाग पाडलें, तेव्हां तेथें तें दार उघडलें. दुसरा अधिकार व्यापाऱ्याचें तोंड बंद करण्याचा. हाच माल माझ्या स्वतःच्या दुकानीं स्वस्त मिळतो, हें त्यानें ॲपमध्यें गिऱ्हाइकास सांगूं नये, असा निर्बंध ॲपलनें घातला होता. तिसरा अधिकार सर्वांत विलक्षण : नाक्याचा धनी स्वतःच त्या बाजारांत माल विकावयास बसतो.

या तिघांची गांठ पडली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण गाण्यांच्या धंद्यांत मिळतें. स्वीडनची ‘स्पॉटिफाय’ कंपनी आपली मासिक वर्गणी युरोपांत ९.९९ युरो घेत असे. ॲपलची पट्टी भरून काढण्यासाठीं तिनें कांहीं काळ आयफोनमधून येणाऱ्या गिऱ्हाइकास तीच वर्गणी १२.९९ युरो लाविली. त्यांतच २०१५ साली ॲपलनें स्वतःची गाण्यांची सेवा काढली आणि तिची किंमत ठेविली ९.९९! जो कर स्पर्धकास द्यावा लागतो तो स्वतःस लागत नाहीं, आणि स्पर्धकास आपला स्वस्त भाव सांगण्याचीही मोकळीक नाहीं. मग तराजूचा कांटा कोणीकडे झुकणार, हें सांगावयास नको. याच निर्बंधाबद्दल युरोपीय आयोगानें मार्च २०२४ मध्यें ॲपलला १.८ अब्ज युरोंहून अधिक दंड ठोठावला.

दर स्पर्धेनें ठरला आहे कीं सत्तेनें, हें ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. जेथें स्पर्धा असते तेथें दर हळूहळू उतरतो. हा ३० टक्क्यांचा दर मात्र दहा वर्षांहून अधिक काळ मुख्यतः जेथल्या तेथें राहिला. ऑगस्ट २०२० मध्यें ‘एपिक’ या खेळ तयार करणाऱ्या कंपनीनें ॲपल व गूगल या दोघांवर अमेरिकेंत फिर्याद केली. त्यानंतर त्याच नोव्हेंबरांत ॲपलनें लहान व्यावसायिकांसाठीं १५ टक्के दर जाहीर केला, आणि २०२१ साली गूगलनेंही तशीच सवलत दिली. बाजाराच्या ओढीनें जें दहा वर्षांत झालें नाहीं, तें न्यायालयाच्या सावलीनें कांहीं महिन्यांत झालें, हें बोलकें आहे.

त्या फिर्यादींचे निकाल मोठे चमत्कारिक लागले. ॲपल ही मक्तेदार असल्याचें सिद्ध झालें नाहीं, असें न्यायाधीशांनीं सप्टेंबर २०२१ मध्यें ठरविलें. परंतु व्यापाऱ्याचें तोंड बंद करण्याचा नियम कॅलिफोर्नियाच्या कायद्यान्वयें अनुचित ठरविला. उलट दुसरीं दुकानें येऊं देणारी गूगल डिसेंबर २०२३ मध्यें ज्यूरीपुढें हरली. तोंडबंदी उठविण्याच्या हुकमावर ॲपलनें तोड काढली ती अशी कीं, बाहेरच्या दुव्यावरून झालेल्या विक्रीवरही २७ टक्के अडत लाविली! ३० एप्रिल २०२५ रोजीं त्याच न्यायाधीशांनीं ही हुकमाची जाणूनबुजून केलेली अवज्ञा ठरविली.

आपल्याकडेही अगदीं असेंच घडलें. भारतीय स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या नियमांबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपये दंड केला; मार्च २०२५ मध्यें अपिलांत दोष अंशतः कायम राहून दंड सुमारें २१६ कोटींवर आला. दरम्यान गूगलनें व्यापाऱ्यांस पैसे घेण्याची दुसरी सोय वापरण्याची मुभा दिली, परंतु अडतींत सूट दिली अवघी ४ टक्क्यांची. ज्या देशांत यूपीआयनें पैसे घेतांना व्यापाऱ्यास जानेवारी २०२० पासून शुल्क पडेनासें झालें, त्या देशांत ही सूट पाहून हसावें कीं रडावें? यूपीआयचा भार बँका व सरकार सोसतात, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु पैसे इकडून तिकडे नेण्याचा खर्च शंभरास पंधरा किंवा तीस नसतो, एवढें तरी त्यावरून निर्विवाद ठरतें.

आमच्या मतें, अडतीचा आकडा सरकारानें ठरवून द्यावा, हा मार्ग चांगला नव्हे; आज ठरविलेला आकडा उद्यां शिळा होतो. व्यापाऱ्यास आपला भाव गिऱ्हाइकास सांगतां यावा, पैसे घेण्याची दुसरी सोय खऱ्या अर्थानें वापरतां यावी, सुरक्षिततेची परीक्षा देणाऱ्या दुसऱ्या दुकानांस दार खुलें असावें, आणि नाक्याच्या धन्यानें आपल्या व परक्या मालास एकच माप लावावें, या चार गोष्टी कायद्यानें पक्क्या केल्या, म्हणजे योग्य आकडा बाजार आपोआप शोधून काढील.

तोंवर वाचकांच्या हातीं एक लहानसें शस्त्र आहेच. कोणतीही वार्षिक वर्गणी ॲपमधून भरण्यापूर्वीं त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तिची किंमत पाहावी. कित्येकदां ती तेथें कमी असते. संकेतस्थळाचा पत्ता मात्र आपला आपण लिहावा; कोणी पाठविलेल्या दुव्यावर विसंबूं नये, आणि अनोळखी फाईल तर मुळींच उघडूं नये. घरांतील वडीलधाऱ्यांस हें समजावून सांगण्याचें काम कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं पत्करावें. भाजीच्या जुडीस दोन रुपये अधिक पडले तर आमच्या गृहिणी दुसऱ्या गाडीकडे वळतात. तशी वळण्याची सोय राहणें, हाच बाजाराचा न्याय. आणि ती सोय हिरावली जात असतां स्वस्थ बसणें कोणत्याही सुज्ञ कुटुंबास परवडणारें नाहीं.