दुर्मिळ बाटली आणि बेवारस शिंदी

आमच्या सुशिक्षित वर्गाला अलीकडे एक नवीच रसिकता फुटली आहे. पूर्वी रसिक म्हणजे ज्याला नाट्यगीतातल्या जागा कळतात तो. आता बेल्जियमच्या बिअरमधील आंबटपणाच्या परी ज्याला सांगता येतात तो रसिक! आइंडहोवनला, फ्रँकफुर्टला, न्यू जर्सीला स्थायिक झालेले आमचे तरुण रात्री जागून पडद्यावर परदेशी दुकाने धुंडाळतात, अमुक मठाची, तमुक सालची बाटली हेरतात, पैसे भरतात आणि खोके दारात आले की त्याचे छायाचित्र साऱ्या मित्रमंडळाला धाडतात. पुण्या-मुंबईचे त्यांचे स्नेही ते पाहून हळहळतात. कारण परवान्यावाचून राज्यात मद्य आणणे हा 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. मग दिवाळीला विमानाने येणाऱ्या आप्ताच्या बॅगेकडे आणि तिच्यातील दोन लिटरांच्या सवलतीकडे डोळे लावून बसणे आले.

मी बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मद्याचा मला शौक नाही, आणि ज्यांना आहे त्यांच्या पेल्यात डोकावण्याचीही हौस नाही. माझे भांडण त्यांच्या बाटलीशी नाही. बाटलीबरोबर फुकट मिळणाऱ्या प्रवचनाशी आहे. माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी भेटीला आला होता. मोठ्या भक्तिभावाने तो सांगत होता, “गुरुजी, ही बिअर कारखान्यात होत नाही, तिथल्या हवेत होते. त्या खोऱ्याबाहेर ती करताच येत नाही. त्या लोकांनी शतकानुशतके हे जपले. आपल्याकडे असे काही नाही.” शेवटचे वाक्य त्याने ज्या सहजतेने उच्चारले, त्या सहजतेसाठी हा लेख आहे.

प्रथम त्या बिअरला न्याय देऊ. ब्रसेल्स शहराभोवती सेन नदीचे खोरे आहे. तिथे ‘लांबिक’ नावाची बिअर करतात. जव आणि गहू यांचे उकळलेले पाणी थंडीच्या रात्री उथळ, उघड्या भांड्यात निवत ठेवतात. कोणी त्यात यीस्ट टाकीत नाही. खोऱ्याच्या हवेत आणि त्या जुन्या इमारतींच्या तुळयांवर जे अदृश्य जीव नांदतात, तेच येऊन ते आंबवतात. पुढे वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे ते लाकडी पिंपांत मुरते. उन्हाळ्यात हे काम बंद. कारण तेव्हाच्या हवेत नको ते जीव फार. या बिअरच्या नावाला युरोपात कायद्याचे संरक्षण आहे, आणि बेल्जियमच्या साऱ्या बिअर-संस्कृतीला 2016 साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून आपल्या यादीत घेतले आहे. हे सारे खरे आहे, आणि कौतुकाचेही आहे.

आता आमच्या मांजरेकाठी या. पलीकडच्या तीरावर तेलंगण. तिथे तिला कल्लू म्हणतात. अलीकडे आम्ही तिला शिंदी म्हणतो. थंडीचे दिवस आले की कलाल किंवा गौड कमरेला दोर बांधून शिंदीच्या झाडावर चढतो, शेंड्याखाली खोडाला धारदार हत्याराने खाच घेतो आणि तिन्हीसांजेला मडके बांधून उतरतो. सूर्य उगवण्याच्या आत ते उतरवले तर आत नीरा असते. गोड, थंड, पोराबाळांनी प्यावी अशी. ऊन चढू लागले की तीच नीरा आपोआप फसफसू लागते आणि दुपारपर्यंत तिची शिंदी होते. तिच्यात तरी कोण यीस्ट टाकतो? आमच्याही हवेत, आमच्याही मडक्याच्या अंगात तेच अदृश्य जीव नांदतात. सेनच्या खोऱ्यात जे घडते तेच मांजरेच्या खोऱ्यात घडते. तिकडे त्याला तीन वर्षे लागतात, इकडे एक सकाळ पुरते. खाच किती खोल घ्यावी, कोणत्या झाडाला किती दिवस विसावा द्यावा, ही विद्याही बापाकडून लेकाकडेच येते. फरक एवढाच की तिकडच्या हाताला जग कारागीर म्हणते आणि इकडच्या हाताला गाव दारूवाला म्हणते.

आणि दुर्मिळतेचीच गोष्ट काढायची तर लांबिकची बाटली वीस वर्षे तळघरात टिकते. ती गलबतातून जाते, विमानातून जाते, टपालाने जाते. शिंदी वीस तासही धड राहत नाही. ती मागवताच येत नाही! तिच्यासाठी पहाटे उठून झाडाखाली जाऊन उभे राहावे लागते. जगात कोठूनही मागवता येते ती वस्तू दुर्मिळ, आणि जी आपल्या जागेवरून हलतच नाही ती हलकी, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात? मी मॅट्रिकपलीकडे गेलो नाही. वरच्या वर्गात शिकवीत असतील तर न कळे.

परंतु या रसिकतेतील खरे ढोंग याहून खोल आहे. बेल्जियममध्ये वेस्टव्हलेटरेन नावाचे खेडे आहे आणि तिथे 1831 साली स्थापन झालेला सेंट सिक्स्टसचा मठ आहे. तेथील ट्रॅपिस्ट भिक्षू बिअर गाळतात. 2005 साली त्यांच्या एका बिअरला जगातील सर्वोत्तम म्हणून कौल मिळाला आणि मठाच्या दारी मोटारींची रांग लागली. दुसरा कोणी असता तर दुसरे दिवशी नवा कारखाना काढता. भिक्षूंनी एक पिंपही वाढवले नाही. आम्ही मठ चालावा म्हणून बिअर करतो, बिअर चालावी म्हणून मठात आलो नाही, अशी त्यांची धारणा. आधी नोंद करा, गाडीचा क्रमांक सांगा, ठरल्या वेळी दारी या, ठरावीक पेट्या न्या आणि पुढे कोणाला विकू नका, अशी त्यांची रीत. 2019 पासून नोंद पडद्यावर होऊ लागली, पण ‘पुढे विकू नका’ ही अट सुटली नाही. मठाच्या डागडुजीला पैसा हवा होता तेव्हा, 2011-12 मध्ये, त्यांनी आपली बिअर अपवाद म्हणून बाहेरच्या दुकानांत आणि परदेशी विकली. काम भागले, विक्री थांबली. 2018 साली हॉलंडमधल्या एका दुकानाने ती परस्पर मिळवून कितीतरी पट किमतीने विकली, तेव्हा त्या मितभाषी भिक्षूंनीही जाहीर नाराजी व्यक्त केली.

म्हणजे ही बिअर दुर्मिळ का? कोणीतरी ‘पुरे’ म्हणाले म्हणून. आणि आमचा रसिक ती मिळवतो कोणाकडून? बहुधा ज्याने भिक्षूला दिलेला शब्द मोडला त्याच्याकडून. ज्या संयमातून ही बाटली जन्मली, त्या संयमाचीच पायमल्ली करून ती दारात येते. आणि आम्ही तिला ओवाळून आत घेतो. बाटली आणली, तिच्यातला धडा मात्र कस्टमच्या नाक्यावरच राहिला!

तो धडा इकडे उपयोगी पडला असता. निजामी राजवटीत शिंदी म्हणजे सरकारी तिजोरीचा मोठा झरा. मक्त्याचा लिलाव व्हायचा. बोली लावणारा मक्तेदार धनी, झाडावर चढणारा त्याचा मजूर. 1947 साली स्टेट काँग्रेसच्या लढ्यात आमच्या वडीलधाऱ्यांनी शिंदीची झाडे तोडली, ती निजामाचे उत्पन्न तोडण्यासाठी. त्या कुऱ्हाडीमागचा त्याग मोठा होता. परंतु पुढे काय झाले? 17 सप्टेंबर 1948 ला राजवट गेली. 1956 साली आम्ही मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. झाडे गेली ती गेलीच. मद्याचे उत्पन्न मात्र पुढे सरकारने मोठ्या प्रेमाने उचलून घेतले. आज तालुक्याच्या पेठेत ठळक अक्षरांत पाटी असते, ‘विदेशी मद्य’. आत जे असते ते याच देशात, बहुतेक उसाच्या मळीच्या स्पिरिटात रंग आणि वास मिसळून केलेले असते. सरकारी भाषेत त्याचे नाव ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’. वंध्यापुत्राच्या बारशाला याहून चांगले नाव सुचले नसते! विदेशी ठरण्यासाठी विदेशात जन्मण्याचीही गरज नाही. आपली नसल्याचे सोंग केले की प्रतिष्ठा मिळते.

जिची प्रतिष्ठा गेली तिची राखणही गेली. झाडे कमी, मागणी तेवढीच. मग शिंदीच्या नावाने पाण्यात क्लोरल हायड्रेट आणि झोपेच्या औषधांची पूड कालवण्याचा धंदा सुरू झाला. 2015 च्या सप्टेंबरात तेलंगणात अशा बनावट कल्लूवर छापे पडले, तेव्हा आमच्या शेजारच्या निजामाबादेसह अनेक जिल्ह्यांत ती न मिळाल्याने अंगाला कंप सुटलेली, भ्रमिष्ट झालेली माणसे दवाखान्यात भरती झाली. शिंदीने नव्हे, औषधाने धरलेली ती माणसे. 2025 च्या जुलैत हैदराबादेत कुकटपल्लीच्या बाजूला भेसळीची कल्लू पिऊन माणसे दगावली. मरणारे सारे हातावर पोट असणारे. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकांवरची कित्येक मुले अशाच घरांतून येतात. बाप सकाळी कामाला का उठला नाही, याचे कारण त्यांना माहीत असते आणि ती ते सांगत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, शाळेचा मास्तर असून शिंदीची वकिली करतो! ज्या बायांनी गावोगाव दारूची दुकाने बंद पाडण्यासाठी मोर्चे काढले, त्यांच्यापुढे हे बोलण्याची माझी तयारी आहे. त्यांचा शब्द मला शिरसावंद्य आहे. घटनेच्या 47 व्या कलमाने मद्यबंदीचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. ते करायचे तर खुशाल करा. पण मग तो नियम मडक्याला आणि खोक्याला सारखा लावा. मे 2020 मध्ये टाळेबंदी असताना याच राज्याने परवानाधारकांना घरपोच मद्य देण्याची मुभा दिली होती. बंदी झाडाखाली आणि सवलत दिवाणखान्यात, याला दारूबंदी म्हणत नाहीत, जातिभेद म्हणतात.

माझ्या मते प्रामाणिक भूमिका दोनच. एक गांधीजींची: मद्य नको, नीरा प्या, ताडगूळ करा. दुसरी त्या ट्रॅपिस्ट भिक्षूंची: थोडे करा, चोख करा, कोणी केले ते सांगा, आणि हाव सुटली की हात आखडता घ्या. आमची तिसरी आहे. तिच्यात लिलाव आहे, भेसळ आहे, महसूल आहे आणि वर बेल्जियमचे गोडवे आहेत.

गोव्याने आपल्या फेणीला नावाचे संरक्षण 2009 साली मिळवले आणि 2016 साली तिला वारसा ठरवले. तिच्यासाठी गोव्याला ब्रसेल्सच्या शिफारशीची गरज पडली नाही. आमच्याकडे निदान एवढे व्हावे: झाडांची गणती व्हावी आणि नवी लावावीत, परवाना बोली लावणाऱ्याला नव्हे, चढणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला मिळावा. मांजरेपलीकडे अशा संस्था आहेत; त्या असूनही तिथे भेसळ झाली, म्हणून मडक्यागणिक तपासणी हवी आणि पूड कालवणाऱ्याला विष घालणाऱ्याची शिक्षा हवी. पहाटेची नीरा मात्र नीरा म्हणूनच विकली जावी, शाळेच्या दारातही.

आणि परदेशी बाटली मागवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच की, मागवा बापहो, तुमचा पैसा आहे. परंतु त्या बाटलीसमोर बसून ‘आपल्याकडे असे काही नाही’ हे वाक्य पुन्हा उच्चारू नका. आपल्याकडे होते. अजून थोडे आहे. ते जपणारी माणसे मात्र आपण झाडावरून खाली उतरवली, आणि त्यांची नावे विचारण्याची तसदी कधी घेतली नाही.