टाउन हॉलच्या पायऱ्या कार्यकर्त्यांनी चढाव्यात

परळच्या एका चाळीत भरलेल्या अभ्यासमंडळात मध्यंतरी गिरणी संपावर चर्चा चालू होती. जमलेले पंधरा-वीस तरुण सर्वच्या सर्व गिरणी कामगारांच्या घरातले. बोलता बोलता त्यांना एक साधा प्रश्न विचारला : तुमचे आजोबा कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात कामाला होते? गिरणीचे नाव पाच-सहा जणांना सांगता आले. खाते फक्त एकाला. पणजोबा कोकणातल्या किंवा घाटावरच्या कोणत्या वाडीतून, कोणत्या काळात आणि कशासाठी निघाले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आजीचे माहेरचे नाव विचारले, तेव्हा तर सगळी खोलीच गप्प झाली.

यात त्या तरुणांना दोष देण्याचे कारण नाही. ज्यांनी ही मुंबई उभी केली, त्यांच्या घरात इतिहास लिहून ठेवण्याइतकी फुरसत कोणाला होती? दहा बाय बाराच्या खोलीत माणसांनाच जागा पुरत नसे, तेथे कागदांना कोठून पुरणार? परंतु हे असेच चालू द्यावे काय, हा प्रश्न आपल्या चळवळीपुढे आहे, आणि तो केवळ भावनेचा नाही.

तो हक्काचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. त्या जमिनींच्या काही हिश्श्यावर कामगारांना घरे देण्याची योजना दीर्घ लढ्यानंतर पदरात पडली आणि दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. तेव्हा अर्जदाराला काय सिद्ध करावे लागले? आपण, किंवा आपला बाप, गिरणीत होता हे! तिकीट, भविष्य निर्वाह निधीची पावती, कामगार विम्याचे कार्ड, सेवेचा दाखला. तीस वर्षे साच्यावर उभे राहिलेल्या माणसाचे आयुष्य एका जीर्ण पुठ्ठ्याच्या तुकड्यावर येऊन ठेपले. जातीच्या दाखल्याची पडताळणी करू पाहणाऱ्याची अवस्था निराळी नाही. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. २०२३ साली कुणबी नोंदी धुंडाळण्यासाठी शासनाने समिती नेमली, तेव्हा जुनी दप्तरे बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या मागणीविषयी कोणाचे काहीही मत असो. जुन्या कागदाला आज केवढे मोल आहे, हे तरी त्यातून सर्वांना दिसले.

आपल्याकडे घराण्यांचा इतिहास लिहिण्याची परंपरा नाही, असे मात्र नव्हे. मराठीत कुलवृत्तांत नावाचा एक स्वतंत्र ग्रंथप्रकारच आहे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी चिकाटीने गावोगाव फिरून, पत्रे पाठवून, वर्गणी गोळा करून आपापल्या वंशावळी छापल्या. त्या परिश्रमांचा आदर केला पाहिजे. पण ग्रंथालयातील कुलवृत्तांतांच्या फडताळासमोर क्षणभर उभे राहिले, की ही घराणी कोणती हे आडनावांवरून लक्षात येते. त्यांत प्रामुख्याने उच्चवर्णीय, शिकलेली, वतनदार किंवा नोकरदार कुटुंबे आहेत. कुणबी, आगरी, महार, मांग, धनगर, कोष्टी यांची फडताळे कोठे आहेत? शिवाय या वंशावळींत वंश चालतो तो मुलग्यांचा. मुलगी लग्न होऊन गेली, की तिची रेघ तेथेच थांबते. बहुजनांची स्मृती कोणी सांभाळलीच नाही असेही नाही. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारोदार जाऊन शेतकरी घराण्यांच्या पिढ्या म्हणून दाखवीत आले. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे पिढ्यान् पिढ्या उतरली. मात्र ही स्मृती ग्रंथ होऊन फडताळापर्यंत पोहोचली नाही.

म्हणूनच मुंबईतील टाउन हॉलकडे आपल्या कार्यकर्त्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. त्याच्या भव्य पायऱ्या आपण मोर्चाच्या निमित्ताने रस्त्यावरून पुष्कळदा पाहिल्या असतील. चढलो मात्र क्वचितच. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा आणि आजची एशियाटिक सोसायटी. टाउन हॉलची इमारत १८३३ साली पुरी झाली. ही संस्था मुळात गोऱ्या साहेबांची. माणेकजी कर्सेटजी यांच्या रूपाने पहिला भारतीय सभासद तेथे शिरला तो १८४० साली. म्हणजे ज्या भूमीविषयी आत ग्रंथ जमत होते, त्या भूमीच्या पुत्राला दाराबाहेर ३६ वर्षे काढावी लागली.

हा झाला भूतकाळ. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५४ च्या कायद्यान्वये देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांना मिळते, त्यांत मुंबईतील हे स्थान आहे. सोसायटीच्या ग्रंथसंग्रहाबरोबरच राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालयही याच वास्तूत आहे, आणि ते जनतेच्या पैशांवर चालते. इकडे गिरणगावाच्या अगदी उशाला, नायगाव-दादरला, १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. अशा ठिकाणी जाऊन पुस्तकाची चिठ्ठी भरणे हा कामगाराच्या मुलाचा अधिकार आहे. बुजण्याचे कारण नाही.

तेथे त्याला काय मिळेल? एक उदाहरण घेऊ. समजा, रत्नागिरीकडून आलेले एक कुटुंब नायगावच्या बी. डी. डी. चाळीत तीन पिढ्या राहिले आहे. प्रथम त्याने जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीवरचा खंड काढावा. तो १८८० सालचा आहे. जमीन, खोती, पीक, पाऊस, बंदरे, आणि मुंबईकडे जाणारी माणसे यांचे वर्णन त्यात आहे. खोताच्या जाचाविषयी आजी जे सांगत असे, त्याची पार्श्वभूमी तेथे उलगडते. तालुक्याच्या जमीन मोजणीचे व धारा ठरविण्याचे छापील अहवाल मिळाले, तर त्यांना जोडलेल्या गावनिहाय तक्त्यांत आपल्या गावाचे नावही सापडू शकते.

मग मुंबई. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, म्हणजे गिरण्यांचा पसारा वाढण्यापूर्वीचे शहर दाखविणारे. एडवर्ड्स यांनी तयार केलेले मुंबई शहराचे गॅझेटियर १९०९-१० चे, तीन खंडांचे. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला; वस्त्या कशा पाडल्या आणि चाळी कशा बांधल्या, हे ट्रस्टच्या वार्षिक अहवालांतून कळते. बी. डी. डी. ही अक्षरे ज्या डेव्हलपमेंट खात्याची, ते १९२० साली निघाले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी मिळून त्याच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. आज त्यांचा पुनर्विकास चालू आहे. जुन्या चाळी पडत आहेत, मनोरे उठत आहेत. भिंती पडण्यापूर्वी त्यांचा इतिहास लिहून घेण्याची हीच वेळ आहे.

कामगाराच्या जीवनासाठी तर १९२१ पासून सरकारच्या कामगार कचेरीने काढलेले मासिक ‘लेबर गॅझेट’ हा मोठाच खजिना आहे. कोणत्या गिरणीत कधी संप झाला, किती कामगार बाहेर पडले, कशासाठी आणि निकाल काय लागला, याच्या नोंदी त्यात आहेत. त्याच कचेरीच्या १९२१-२२ च्या पाहणीत मुंबईतील कामगार कुटुंबांपैकी शंभरात ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे दिसले. बर्नेट-हर्स्ट यांचा कामगार व घरे यांवरील ग्रंथ १९२५ चा. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनवर आपले ना. म. जोशी सभासद होते. त्या कमिशनपुढील साक्षींचे खंड छापलेले आहेत. स्त्रियांची नोंदही येथे निघते. त्या काळी गिरणी कामगारांत पाचवा हिस्सा तरी स्त्रियांचा होता, आणि त्या मुख्यतः वाइंडिंग व रीलिंग या खात्यांत होत्या. ज्या आजीचे माहेर आपल्याला ठाऊक नाही, ती कदाचित याच खात्यातील एखाद्या आकड्यात उभी असेल.

आकड्यात, हे मुद्दाम म्हटले. कार्यकर्त्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी : संदर्भ ग्रंथालयात आजोबांचे नाव बहुधा मिळणार नाही. जनगणनेच्या अहवालात माणसे मोजलेली असतात, नावाने लिहिलेली नसतात. नावासाठी शाळेचे दाखले, गावचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर, फेरफार, शासनाची पुराभिलेखागारे यांकडेच वळावे लागते. ग्रंथालय नाव देत नाही, ते जग देते. आजोबा गाव सोडून आले ते पोटाला मिळत नव्हते म्हणून, हे घरात सर्वांना माहीत असते. पोटाला का मिळत नव्हते, हे ग्रंथालयात कळते. घरची हकिगत आणि छापील पुरावा शेजारी शेजारी ठेवले, म्हणजेच इतिहास तयार होतो.

दुसरी सावधगिरी अशी, की हे सारे कागद राज्यकर्त्यांचे आणि मालकांचे आहेत. ज्याने लेखणी धरली, त्याची दृष्टी त्यात आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि ज्यांच्यावरील तो शिक्का १९५२ साली कायद्यातून पुसला, त्यांच्याविषयी जुन्या सरकारी ग्रंथांत जे लिहिले आहे ते आज वाचताना संताप येतो. तरीही ते वाचले पाहिजे. आरोपपत्र वाचल्याशिवाय बचाव करता येत नाही. एखाद्या अधिकाऱ्याने कामगारांना ‘हट्टी’ म्हटले असेल, तर ते कोणत्या मागणीसाठी अडून बसले होते, हे पुढच्या ओळीत शोधायचे असते.

आणि आता आपल्या स्वतःच्या चुकीविषयी. मालकांचे अहवाल ग्रंथालयात आहेत, सरकारचे आहेत. आपले कोठे आहेत? संपाची पत्रके, चाळ कमिट्यांची इतिवृत्ते, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, भिंतीवरची वृत्तपत्रे, गेटसभांची छायाचित्रे हे सारे कार्यकर्त्यांच्या माळ्यावरील ट्रंकांत पडले, आणि कार्यकर्ता गेल्यावर रद्दीत गेले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्याने हे काम करता येते हे दाखवून दिले. पण ते एक-दोन अभ्यासकांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारवस्तीत मोफत वाचनालये चालविणाऱ्या ना. म. जोशींचा वारसा आपण सांगतो. त्या वारशाला हे साजेसे नाही.

तेव्हा तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक शाखेने आपल्या चाळीचा, वाडीचा किंवा गावाचा इतिहास लिहिण्यास घ्यावा. दोन-तीन तरुणांनी ग्रंथालयात बसावे, दोघांनी वृद्धांच्या तोंडून ऐकून लिहून घ्यावे, आणि त्यांत वृद्ध स्त्रियांना आधी विचारावे. निदान एकाने मोडी शिकावी. दुसरी, आपल्याजवळ उरलेले कागद निवडून, तारखा लिहून, रीतसर यादी करून संदर्भ ग्रंथालयाकडे सोपवावेत. तिसरी गोष्ट मागणीची आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्राने १९६७ साली केला. परंतु दिवसा कामावर जाणाऱ्या माणसाला संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी संदर्भ विभाग उघडा मिळत नसेल, तर तो कायदा त्याच्यापुरता कागदावरच राहतो. तसेच तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या ग्रंथालय सेवकांचा प्रश्न हा वाचकांचाही प्रश्न आहे. त्यांच्या लढ्यात आपण असलेच पाहिजे.

परळच्या त्या बैठकीनंतर एक मुलगी आपल्या आजीकडे वही घेऊन बसली. पहिल्याच पानावर तिने आजीचे माहेरचे नाव आणि गाव लिहिले. ती वही घेऊन तिने आता टाउन हॉलच्या पायऱ्या चढायच्या आहेत. तिच्याबरोबर आपल्यापैकी कोणीतरी असले पाहिजे.